मला न सुचलेली चकती

परसराम चव्हाणचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही वाकडं बोललो तर त्यातलं किती खरं धरायचं ते वाचणाऱ्याने आपलं आपण ठरवावं. चांगलं बोललो तर मात्र ते पूर्ण धरावं, कारण ते माझ्या तोंडून फार कष्टाने निघालेलं असेल.

आम्ही दोघेही हिंगोलीत मशीनच्या धंद्यात. मी डाळमिलसाठी एलेवेटर बनवायचो. एलेवेटर म्हणजे पत्र्याची एक उंच उभी पेटी. तिच्या आत पट्टा फिरतो, पट्ट्याला ओळीने छोटे डबे बोल्टने आवळलेले असतात, आणि ते डबे खालची तूर उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ओततात. पत्रा माझा, पट्टा माझा, बेअरिंग माझी. डबे प्लास्टिकचे, ते मी बाहेरगावाहून आणायचो. नव्वदनंतर चव्हाणने हिंगोलीतच प्लास्टिक ओतायचं छोटं युनिट टाकलं आणि माझ्या मशीनच्या पोटात त्याचे डबे फिरायला लागले. तिथून माझ्या पोटातही दुखायला लागलं.

तो सेनगावकडच्या एका तांड्यावरचा. औरंगाबादेत कुठल्याशा प्लास्टिकच्या कारखान्यात काही वर्षं काढून परत आलेला. पहिल्यांदा माझ्या वर्कशॉपमध्ये आला तो पांढरी सफारी घालून. वर्कशॉपमध्ये पांढरे कपडे घालून येणारा माणूस एकतर सेल्स टॅक्सवाला असतो नाहीतर मूर्ख, असं माझं तोवरचं मत. याने रामराम केला, चहा घेतला, आणि विक्रीला तयार असलेल्या माझ्या एलेवेटरपाशी जाऊन त्याच्या दारात मुंडकं घालून लांब श्वास घेतला. मला वाटलं, आत काही हरवलंय की काय. मग त्याने बेअरिंगजवळ नाक नेलं. नाक मोठं होतं आणि ते मोठं असल्याचा त्याला अभिमान होता.

"इंगोलेभाऊ," तो मुंडकं बाहेर काढून म्हणाला, "बेरिंगला करडीचं तेल लावून राहिले का तुमी?"

मी हसलो. मग फिटरकडे पाहिलं तर तो खाली मान घालून उभा. आदल्या दिवशी ग्रीस संपलं होतं आणि गड्याने घरच्या बुधल्यातलं तेल लावून वेळ मारून नेली होती. खरं तर मी फिटरला झापायला हवं होतं. पण राग आला तो चव्हाणचा.

"कसं वळखलं?" मी विचारलं.

"यात काय हाय! शेंबड्या पोराला बी कळंल."

हे त्याचं वाक्य. पुढे सगळी वर्षं मी ते ऐकत आलो. बिघडलेला साचा दुरुस्त केला, की यात काय हाय. कुणाच्या भांडणात तोड काढली, की शेंबड्या पोराला बी सुचंल. नम्रतेने म्हणत होता म्हणावं, तर नम्रता त्याच्या अंगाला शिवलेली नव्हती. त्याला मनापासून तसं वाटायचं. आपल्याला सुचतं ते सगळ्यांना सुचतच असणार, फक्त बाकीचे आळसाने करत नसणार, अशी त्याची समजूत. त्यामुळे ज्याला ती गोष्ट सुचलेली नसायची तो आपोआप शेंबड्या पोराच्याही खाली जायचा. बहुतेक वेळा तो मीच असायचो.

तो सगळं हुंगायचा. प्लास्टिकच्या दाण्यांचं पोतं उघडलं की मूठभर दाणे नाकाशी. नवी नोट नाकाशी. लग्नाची पत्रिका वाचायच्या आधी नाकाशी. कुणी विचारलं की सांगायचा, "आमचे आजे बैलाच्या पाठीवर मीठ आन् धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. गोणीला नाक लावलं की कोणत्या गावची ज्वारी हाय ते सांगायचे. ते आलंय माझ्याकडं." ही गोष्ट तो इतकी रंगवून सांगायचा की ऐकणारे खुळ्यासारखे त्याच्या नाकाकडे बघत राहायचे. पुढे त्याच्या पुतणीच्या लग्नाला मी तांड्यावर गेलो होतो, तेव्हा मुद्दाम त्याच्या आईजवळ जाऊन बसलो आणि आज्याच्या नाकाचा विषय काढला. म्हातारी तोंडाला पदर लावून हसत सुटली. म्हणाली, "ह्येच्या आज्याला बारा महिने पडसं! चुलीवर भाकर जळली तरी कळायचं न्हाई."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. हिंगोलीला पोचेपर्यंत मी ते वाक्य तोंडात घोळवत होतो. दुसऱ्या दिवशी चार माणसांत ते त्याच्या तोंडावर मारलं, तर तो माझ्यापेक्षा मोठ्याने हसला आणि म्हणाला, "मंग तर आजून भारी! म्हंजे हे नाक माझं सोताचं हाय." चारही माणसं त्याच्याच बाजूने हसली. अशा माणसाचं करायचं तरी काय?

लोकांना तो आवडायचा, हे माझं खरं दुखणं. आम्ही दोघं कधी मालाच्या कामाने नांदेडला निघालो आणि वारंगा फाट्यावर गाडी बदलायला उतरलो, की जीपवाले त्याला हाका मारायचे. "चव्हाणसाब, पुढं बसा!" मी त्याच फाट्यावरून त्याच्या आधीपासून जात-येत होतो. मला मागे, दांडीला धरून. एकदा तर त्याच्या चहाचे पैसे हॉटेलवाल्याने घेतले नाहीत आणि माझे घेतले.

घरीही तेच. तो आमच्याकडे आला की दारातूनच म्हणायचा, "वहिनी, आज वरणाला लसणाची फोडनी दिली वाटते. आन् कढीपत्ता ताजा हाय." माझी बायको दिवसभर खूश. "चव्हाण भावजींना कसं सगळं कळतं," म्हणायची. मीही रोज तेच वरण खातो. फक्त मी जेवताना बोलत नाही.

आता चकतीची गोष्ट.

गणपतशेट म्हणून एक डाळमिलवाले होते, माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तुरीची डाळ करायची तर तिला आधी पाणी-तेलाचा हात लावून ढीग घालून ठेवतात, म्हणजे साल सुटते. उन्हाळ्यात हे सगळं खडखडीत वाळतं. पावसाळ्यात मात्र तुरीला ओल राहते, ओल्या तुरीचं पीठ एलेवेटरमध्ये चिकटतं आणि त्याला आंबूस, कुबट वास सुटतो. शेटजींची डाळ नागपूरच्या व्यापाऱ्याकडून वास येतो म्हणून परत आली, आणि शेटजींनी मला बोलावून सगळ्यांदेखत विचारलं, "इंगोले, तुमी मशीन दिली का संडास?"

मी काय करायचं बाकी ठेवलं? डबे सोड्याने धुवायला लावले. प्लास्टिकचे काढून स्टीलचे बसवले, तर त्यांच्या वजनाने पट्टा ताणून लोंबायला लागला. तेवढ्यात गुजरातेतल्या एका मोठ्या कंपनीचे नवे डबे बाजारात आले. पाण्याच्या फिल्टरमध्ये चांदी वापरतात, त्याच जातीची भुकटी प्लास्टिकमध्ये मिसळलेली. त्यावर जंतू वाढत नाहीत, बुरशी धरत नाही. भाव आपल्या डब्यांच्या दुप्पट. मी शेटजींना पटवून ते घ्यायला लावले. चव्हाणची ऑर्डर गेली. मला वाईट वाटलं असं म्हणालो तर कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून म्हणत नाही.

पाऊस पडला आणि वास परत आला. दुप्पट भावाचे डबे, वास तोच.

त्या वर्षी खंडेनवमीला शेटजींनी आम्हा दोघांनाही पूजेला बोलावलं. खंडेनवमीचा आमच्याकडचा रिवाज असा, की मशीन धुऊन पुसून तिला हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, पाने-हातोड्या पाटावर मांडून त्यांचीही पूजा करायची, आणि त्या दिवशी मशीनला हत्यार लावायचं नाही. तिचा तो विसाव्याचा दिवस. आरती झाली, नारळ फुटला, प्रसाद वाटणं चाललं होतं, आणि पाहतो तर चव्हाण पांढऱ्या सफारीत माझ्या एलेवेटरच्या दारात कमरेपर्यंत शिरलेला.

बाहेर आला तो कपाळाला पिठाचा टिळा लावून. म्हणाला, "शेटजी, पट्टा सोडा. डबा काढून बघायचाय."

"आज?" शेटजींच्या हातातलं खोबरं तसंच राहिलं. "आज मशीनला पाना लागत नसतो, चव्हाण. उद्या दसरा झाला की बघा."

"शेटजी, आज मशीन थांबलेली हाय, कालची वल आत तशीच हाय. उद्या सुरू केली की पुन्हा सुकंल, मंग काय दिसंल? आन् तुमी देवाच्या नाकाखाली उदबत्ती लावून राहिले, पर वास तर देवाच्याच पाठीमागून येऊन राहिला."

बायका कुजबुजल्या. मुनीम म्हणाला, अपशकुन होईल. चव्हाणने पाटावर मांडलेला कुंकू लावलेला पाना उचलला, कपाळाला लावला, मशीनला हात जोडले आणि बोल्ट सोडायला सुरुवात केली. त्याला कुणी धरलं नाही. मीही नाही, आणि मी तर धरायला पाहिजे होतं, कारण मशीन माझी होती. मला वाटलं, होऊ दे याची एकदा फजिती.

त्याने डबा काढला आणि उलटा केला. डब्याची पाठ आणि पट्टा यांच्या मध्ये, बोल्टच्या भोवती, काळी ओली खळ साचलेली. माणसं नाकाला रुमाल लावून मागे सरकली. डबा आतून स्वच्छ होता, लखलखीत होता, कंपनीने सांगितल्याप्रमाणे त्यावर जंतूचं नाव नव्हतं. सगळी घाण त्याच्या पाठीमागे बसून वर चाललेल्या तुरीला वास लावत होती.

"डबा समोरून धुता," चव्हाण म्हणाला. "पाठ कोण धुनार?"

ते बोल्ट मी स्वतःच्या हाताने आवळलेले. डबा आणि पट्ट्यामध्ये रबराची चकती घालायची, वर बोल्ट, आवळून टाकायचा. उन्हाळ्यात देखभालीला पट्टा उतरवला की त्या जागी वाळलेलं काळं पीठ निघायचं. ते मी नखाने खरवडून फेकून द्यायचो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, आणि कळसा माझ्याच काखेत होता.

पुढचं चव्हाणने दोन-तीन महिन्यांत उरकलं. डबे परत साधे, स्वस्तातले केले. फक्त ती रबराची चकती काढून तिच्या जागी जंतू न धरणाऱ्या प्लास्टिकची चकती बसवली. तिला बारीक खाचा ठेवल्या, म्हणजे मागून वारा फिरेल आणि पीठ दाबून बसणार नाही. तळहाताएवढी वस्तू. पुढचा पावसाळा अख्खा गेला, वास आला नाही. शेटजींनी मिलमध्ये पुरणाचं जेवण दिलं आणि चव्हाणला आपल्या शेजारी बसवलं.

"हे सुचलं कसं हो तुमाला?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"यात काय हाय! शेंबड्या पोराला बी सुचंल."

मी दुसरी पोळी घेतली नाही.

परभणीच्या एका कृषी प्रदर्शनात त्याला कुणीतरी सांगितलं की याचं पेटंट घे. त्याने अर्ज केला. गावात बातमी झाली. एका पेपरवाल्याने येऊन त्याचा सफारीतला फोटो छापला आणि खाली त्याच्या तोंडचं वाक्य ठळक अक्षरांत घातलं: हे तर कोणालाही सुचलं असतं. तोवर त्याच्या चकत्या अकोला, वाशीम, लातूरपर्यंत जायला लागल्या होत्या. युनिटमध्ये तांड्यावरच्या बायका चकत्यांच्या कडा कापायला येत होत्या. आणि मग गुजरातेतल्या त्या कंपनीने तशीच चकती काढली, निम्म्या भावात, आणि चव्हाणला पेटंट देऊ नये म्हणून विरोधाचा अर्जही लावला. पेटंट गेलं की चव्हाणचं युनिट बंद, हे सरळ होतं. एवढ्या मोठ्या कंपनीपुढे भावात तो टिकला नसता.

कंपनीचा माणूस माझ्याकडे आला. तरुण, गुळगुळीत, बोलायला गोड. त्याने मला समजावून सांगितलं, "इंगोलेसाहेब, पेटंटच्या कायद्यात एक माणूस असतो. धंद्यातला कुशल माणूस. जी गोष्ट त्या माणसाला सहज सुचण्यासारखी असते, तिला पेटंट देत नाहीत. जंतुरोधक प्लास्टिक आधीपासून होतं. चकती आधीपासून होती. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, यात नवीन ते काय? हे तुमच्यासारख्या कुशल माणसाने लिहून द्यायचं. या भागात सगळे तुमचंच नाव सांगतात."

सगळे माझं नाव सांगतात! मला खुर्चीत जरा वर सरकल्यासारखं झालं. मी विचारलं, "हा कायद्यातला मानूस कसा असतो म्हने?"

"त्याला धंद्यातलं सगळं येतं, सगळं ठाऊक असतं," तो म्हणाला. "फक्त त्याला कल्पनाशक्ती नसते."

मी पुन्हा खाली सरकलो.

त्याने टाईप केलेला कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं की रबराच्या चकतीच्या जागी जंतुरोधक प्लास्टिकची चकती घालणं मला सहज सुचलं असतं. उद्यापर्यंत सही करून ठेवा म्हणाला. मला सही करायची होती. फार करायची होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चव्हाणला पाडायचं हत्यार कुणी माझ्या हातात आणून दिलं होतं, तेही कायद्याच्या म्यानात घालून. मी पेन काढलं. तेवढ्यात बायकोने चहा ठेवता ठेवता कागद वाचला.

"सहज सुचलं असतं," ती म्हणाली. "मंग काहून न्हाई सुचलं?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पेनाचं टोपण लावलं.

आणि संध्याकाळी चव्हाण स्वतःच दारात उभा. बायकोनेच त्याला सगळं सांगितलं. घरात मला कोण विचारतंय. त्याने कागद मागितला. आधी हुंगला. "कागद उंची हाय," म्हणाला. मग सावकाश वाचला आणि माझ्यापुढे परत ठेवला.

"करा की सही. बराबर लिवलंय."

"काय?"

"म्या बी पयल्यापासून हेच सांगून राहिलो. कोनाला बी सुचलं असतं. ह्यात खोटं काय हाय?"

"चव्हाण, तुमाला अक्कल हाय का? पेटंट जाईल तुमचं!"

"जाईल तर जाईल. तकलीफ व्हईल, पर त्याच्यासाठी खोटं काहून बोलू?"

असा संताप आला मला! ज्याच्यावर जळायचं तो माणूसच जर म्हणायला लागला की माझ्यात जळण्यासारखं काही नाही, तर इतकी वर्षं मी जळलो ते कशापायी? तो गेल्यावर मी विचार केला. सही केली तर चव्हाण पडणार. पण मग सरकारदरबारी कायमचं नोंदलं जाणार की ही गोष्ट अगदी सहज सुचण्यासारखी होती आणि ती इंगोलेंना उभ्या जन्मात सुचली नाही. म्हणजे शेंबड्या पोराहून खाली, तेही माझ्याच सहीने. सही नाही केली तर चव्हाण मोठा ठरणार, सगळ्या हिंगोलीत मिरवणार. पण मोठ्या माणसाला जे सुचलं ते मला सुचलं नाही, यात तेवढी लाज नाही. दोन्हीकडून जळायचंच होतं, तर त्यातल्या त्यात इज्जतीने जळावं असं मी ठरवलं. मैत्रीखातर इंगोलेंनी केलं, असं लोक म्हणतात. मी म्हणू देतो.

मी कंपनीचा कागद परत पाठवला आणि चव्हाणच्या वकिलाला लिहून दिलं की मला हे सुचलं नव्हतं. वकील म्हणाला, सुनावणीला मुंबईला या, बोलावं लागणार नाही, नुसतं बसा.

नांदेडहून रेल्वेत बसलो तेव्हापासून मी चव्हाणला बजावत होतो, "तिथं ते वाक्य म्हनायचं न्हाई."

"कोनतं वाक्य?"

त्याला माहीतच नव्हतं! तो काय म्हणतो हे आख्ख्या जिल्ह्याला पाठ आणि त्यालाच ठाऊक नाही. मी म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "असं म्हनतो का म्या?" आणि खिडकीबाहेर बघत बसला. मुंबई येईपर्यंत कोऱ्या शर्टाचा वास घेत होता.

सुनावणी एका साध्या खोलीत झाली. टेबलापलीकडे अधिकारी बाई, शांत, चष्म्यावरून बघणाऱ्या. कंपनीच्या वकिलाने पेपरातलं ते कात्रण काढून वाचून दाखवलं आणि म्हणाला, शोध लावणारा स्वतःच सांगतोय की हे कोणालाही सुचलं असतं. बाईंनी चव्हाणकडे पाहिलं.

"तुम्ही असं म्हणालात?"

"व्हय, म्हनलो मॅडम," चव्हाण म्हणाला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो माझ्याकडे बघून हसला आणि पुढे बोलला, "यात काय हाय! शेंबड्या..."

मी उभा राहिलो. मला बोलायचा हक्क नव्हता, वकील माझा सदरा ओढत होता.

"मॅडम, मला न्हाई सुचलं!"

"आपण कोण?"

"म्या तो कुशल मानूस," मी म्हणालो. येताना पाठ केलेली सगळी शुद्ध भाषा विसरलो. "कायद्यातला. ज्याला धंद्यातलं सगळं येतं आन् कल्पनाशक्ती नसते. हिंगोलीत समदे माझंच नाव सांगतेत. मॅडम, ते बोल्ट म्या आवळलेत माझ्या हातानं. ती घान म्या नखानं खरवडून फेकली. ह्यांच्याच कंपनीचे महागाचे डबे म्या बसवले. वास गेला न्हाई तर म्या सोडा बदलला, डबा बदलला, फिटर बदलला. डब्याची पाठ न्हाई बघितली. ह्यांना तरी कुठं सुचलं? सुचलं असतं तर ह्यांनी चकती इकली असती, डबे कशाला इकले असते? आन् हा मानूस म्हनतो कोनाला बी सुचंल. त्याचं ऐकू नका. आमाला काय सुचत न्हाई, ते ह्याला काय माहीत? ते आमाला माहीत!"

 बाईंनी मला बसायला सांगितलं, आणि बोलण्याचा अधिकार नसल्याचंही सांगितलं, पण चष्मा काढून सांगितलं. मग त्यांनी कंपनीच्या वकिलाला विचारलं की घाण डब्याच्या मागे साचते, हे याआधी कुणी लिहून ठेवलंय का. तो कागद चाळत राहिला.

बाहेर आलो. रस्त्यावर चहा घेतला. चव्हाणने आधी चहा हुंगला. मला वाटलं, आता आभार मानेल, आणि ते कसे झटकायचे याची मी मनात तयारी केली. त्याने कप खाली ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात, दुखणाईताला विचारावं तसं विचारलं, "इंगोलेभाऊ, तुमाला खरंच न्हाई सुचलं?"

पेटंट त्याला मिळालं. कंपनीला आपली चकती बाजारातून काढावी लागली. त्याने मिरवणूक वगैरे काढली नाही, सर्टिफिकेट फ्रेम करून युनिटच्या भिंतीवर लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "हे इंगोलेभाऊंमुळं." त्यामुळे लोक त्याला आणखीच मोठ्या मनाचा म्हणायला लागले.

मी मात्र तेव्हापासून एका गोष्टीच्या मागे लागलो. एलेवेटर बंद केला की त्याच्या तळाशी थोडी तूर उरतेच. ती हात घालून काढावी लागते, कुणी काढत नाही आणि ती तिथेच सडते. मी तळाला एक झडप बसवली. मोटार चालू असेपर्यंत पट्ट्याच्या ताणाने ती मिटून राहते. मशीन थांबली, पट्टा सैल पडला, की आपोआप उघडते आणि उरलेली तूर खाली घरंगळते. माणसाने काहीच करायचं नाही. वर्षभर लपवून काम केलं. चव्हाण वर्कशॉपमध्ये आला की मी तिच्यावर ताडपत्री टाकायचो.

तेवढ्यात त्याच्या मुलाने हैदराबादेत मोठं युनिट टाकलं आणि बापाला बोलावून घेतलं. इथलं भाच्याकडे सोपवून चव्हाण निघाला. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला आला. बाहेर वारंगा फाट्याची जीप उभी, ड्रायव्हर पुढची सीट पुसून वाट बघतोय. मी ताडपत्री ओढली. मशीन चालू केली, तूर टाकली, मशीन थांबवली. झडप उघडली आणि उरलेली तूर सळसळत खाली आली. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. यात काय हाय, हे शब्द ऐकायची माझी तयारी झाली होती.

तो हात पाठीमागे बांधून तिथेच उभा राहिला. पुन्हा एकदा चालवून दाखवा म्हणाला. मी दाखवलं. मग त्याने ओठ मिटले, नजर झडपेवरून काढून जमिनीकडे नेली आणि म्हणाला, "हे मला सुचाया पायजे व्हतं."

तो चेहरा मला ओळखीचा होता. रोज सकाळी दाढी करताना मी तो आरशात पाहत आलो होतो. चव्हाण माझ्यावर जळत होता! जीपमध्ये बसल्यावरही तो पुढे बघत नव्हता. खिडकीतून मान काढून, जीप रस्त्याला लागेपर्यंत, माझ्या शटरकडे बघत होता.

मी फिटरसाठी, शेजारच्या दुकानदारांसाठी भजी मागवली. घरी गेलो आणि चपला काढायच्या आधी बायकोला सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "बरं झालं बाई. हुंगून काय म्हनाले?"

त्याने हुंगलं नव्हतं. लग्नाची पत्रिका हुंगणारा माणूस झडपेच्या जवळही आला नव्हता. दुरून, हात बांधून उभा होता.

जळण्याच्या भरात तो हुंगायचं विसरला, असं मी धरून चालतो. खोटं काहून बोलू म्हणणारा माणूस होता तो. आणि माझ्या तोंडाकडे एकदा बघून मला काय ऐकायचंय ते त्याने ओळखलं असेल, आणि जाता जाता तेवढं देऊन गेला असेल, तर मग तेही मला कधी सुचलं नसतं.